बगळिणीचा हात

"पंख ठेविले पेटीत, किल्ली त्याच्या कमरेला
बगळीण पाणी भरी, पाणी ओळखेना तिला..."

आजीचा आवाज काही गोड नव्हता. नवं कोरं कापड फाडताना येतो तसा, चरचरीत. पण त्याला घाई नव्हती. एक ओळ झाली की ती थांबे, समोरच्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघे आणि मगच पुढची ओळ सोडी. आजीला जाऊन किती वर्षं लोटली, तरी तालमीच्या हॉलचं दार ढकललं की पियानोच्या आधी नाच शिकवणाऱ्या बाईंना तोच आवाज ऐकू येई.

"बाई, एक विचारू? या मनगटाला झालंय तरी काय?"

काडी आरशासमोर हात वर धरून उभी होती. काडीसारखी, म्हणून काडी; खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाच ठाऊक. यंदा बगळिणीचं काम तिच्याकडे आलं होतं.

"काय व्हायचंय? पुन्हा कर. आधी खांदा, मग कोपर. मनगट सगळ्यांत शेवटी. आणि ते उचलायचं नाही. ते मागून फरपटत आलं पाहिजे."

"बाकीच्या नाचांत मनगट पडलं की तुमची छडी. इथे नाही पडलं की छडी."

"छडी कुठाय माझ्याकडे?"

"जीभ आहे ना!"

पियानोवाले काका खोकल्याच्या आड हसले. "पोरी, हा प्रश्न मी तुझ्या आधीच्या प्रत्येक बगळिणीच्या तोंडून ऐकलाय. उत्तरही पाठ आहे. सांगू का, बाई?"

"तुम्ही आपले सूर सांभाळा."

"'असाच आहे म्हणून असाच,'" काकांनी सांगूनच टाकलं, आणि सुरुवातीचे स्वर दाबले.

काडीने हात उचलला. खांदा आला, कोपर आलं आणि सगळ्यांच्या मागून, दुसऱ्याच कुणाच्या देहाचा असावा तसा, पंजा आला. बाईंनी मान हलवली. बाईंची मान हलली म्हणजे बक्षीसच.

'बगळीण' हा बॅले या नाटकगृहाचा भाकरतुकडा होता. दुसरे खेळ आले, पडले, विसरले गेले. बगळीण उभी राहिली. गोष्ट तशी पाणवठ्याइतकी जुनी. तळ्यावर बगळ्यांचा थवा उतरतो, पंख काढून काठावर ठेवतो आणि बायकांचा थवा होऊन पाण्यात शिरतो. एक कोळी एकीचे पंख उचलतो, पेटीत घालतो, किल्ली कमरेला लावतो. ती त्याची बायको होते. पाणी भरते, मूल वाढवते. एक दिवस तो किल्ली घरी विसरतो. ती पेटी उघडते आणि जाते.

ही गोष्ट सांगितली होती बाईंनी. तेव्हा त्या बाई नव्हत्या; थव्यातल्या शेवटच्या ओळीतल्या एक होत्या. चहाच्या सुट्टीत मोठ्या सरांनी, म्हणजे ज्यांनी पुढे हा बॅले बसवला त्यांनी, सहज विचारलं, "कुणाला घरात ऐकलेली एखादी गोष्ट येते का गं?" सगळ्या एकमेकींना कोपरं मारत बसल्या. हिने आजीच्या ओव्या म्हटल्या. 'बगळीण उडाली' म्हणताना आजीचा हात जसा वर जायचा, तसा नकळत हिचाही गेला. सर कप खाली ठेवून म्हणाले, "थांब. तो हात तसाच धर." त्यांनी सगळ्या नाटकाचा कणा त्या हातावर उभा केला. हात कुठून आला ते विचारलं नाही. पुढे लोक विचारू लागले, तेव्हा तळ्याकाठी फिरताना सुचला असं त्यांनी सांगितलं. हीही गप्प राहिली. शेवटच्या ओळीतल्या पोरीने काय बोलायचं? आणि बोलायचं झालं असतं, तरी घरात दादा होता.

हात मात्र नाटकगृहात थांबला नाही. पायऱ्या उतरून गावात गेला. अंगणात पोरी 'बगळीण-कोळी' खेळू लागल्या. साबणाच्या वेष्टनावर तो हात आला, पोहण्याच्या तलावाच्या फाटकावर आला. एका दातांच्या डॉक्टरने तर पाटीवर बगळीण रंगवून घेतली होती, का ते त्यालाच माहीत. कपडे शिवण्याच्या कारखान्यातल्या बायकांनी संप केला, तेव्हा बंद फाटकासमोर त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. नुसते हात वर केले, मनगटं पाडून. बाई त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनीही हात वर केला होता. घरी गेल्यावर टोमॅटो कसे दबले हे वहिनीला सांगता आलं नाही.

काडीची तालीम चालू होती त्याच दुपारी नाटकगृहाचा संचालक आला. माणूस वाईट नव्हता. चपला दाराबाहेर काढायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. तो आला आणि खुर्ची उलटी करून बसला.

"बाई, छान चाललंय. फक्त शेवट थोडा बदलतोय."

"थोडा म्हणजे?"

"ती पेटी उघडते, पंख बाहेर काढते. मूल जागं होतं. ती मुलाकडे बघते, पंख घडी करून पुन्हा पेटीत ठेवते. पडदा." त्याने दोन्ही तळवे हलकेच मिटले. "बघा ना, शाळांच्या शाळा येणार आहेत यंदा. आई पोराला टाकून उडून जाते, हे काय दाखवायचं? शिवाय ते दोरावरचं उडणं. विमावाले नाकं मुरडतात. आपले देणगीदारही म्हणाले, कुटुंबाने बघायला हवं असं काहीतरी करा."

"आणि हात?"

"हात तसाच! हाताला कोण धक्का लावणार? तो तर आपला शिक्का आहे. पत्रकं छापूनसुद्धा झाली."



"मी नाही शिकवणार हा शेवट."



"का?" संचालकाने खरोखरच समजून घ्यायचं म्हणून विचारलं. "कारण सांगा. कारण असेल तर मी ऐकेन."

 कारण बाईंच्या ओठांवर होतं. पण त्याच्यावर घराची कडी होती.

"बरं," तो उठत म्हणाला. "शुक्रवारी देणगीदारांसमोर तालीम आहे. नवा शेवट दिसला पाहिजे. नाहीतर तालमीला मला दुसरं कुणी बघावं लागेल. मनाला लावून घेऊ नका."

मनाला नाही तर कुठे लावतात, असं बाईंच्या मनात आलं.

घरी दादा जेवायला बसलाच होता. दादा त्याच नाटकगृहात रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर दोर ओढायचं काम करी. पडदे, ढग, चंद्र, सगळं त्याच्या हाताने वरखाली व्हायचं. बगळीणही. तिच्या कमरेच्या पट्ट्याचा दोर तोच ओढी, आणि इतका अलगद, की प्रेक्षक वर बघायचंही विसरत. त्याच्या तळहातांना बैलाच्या मानेसारखे घट्टे होते.

"ऐकलंस ना?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं. बरंच आहे. माझे खांदे सुटले."

"दादा, ते हात ठेवतायत आणि उडणं काढतायत."

"त्यांचं नाटकगृह आहे. ते चंद्र खाली आण म्हणाले तर मी आणतो."

"तो हात कुणाचा आहे हे तुला ठाऊक आहे."

वहिनीने दोघांच्या ताटांत एकदमच भात वाढला. या घरात तंटा वाढायला लागला की ती भात वाढायची. "जेवा आधी. मेलेल्या माणसांची भांडणं उपाशीपोटी करू नयेत."

भिंतीवर आजोबा होते. टपालमास्तर. ते रस्त्याने निघाले की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. आईवडील कामापायी दूर मुलखात. दोन्ही पोरांना खाऊपिऊ घातलं ते आजोबांनी. फोटोची काच दादा दर रविवारी स्वतः पुसायचा.

"आजी जिन्यावरून पडली," दादा म्हणाला. ताटाकडे बघत. हे वाक्य तो नेहमी ताटाकडे, नाहीतर बुटाच्या नाडीकडे बघत म्हणायचा. "हाड नीट बसलं नाही. एवढंच."

"ती मला वेगळं म्हणाली होती."

"तू लहान होतीस."

"माझी वेणी घालत होती. एका हाताने घालायची, दुसऱ्याने नुसते केस धरायची. मी म्हटलं, आजी, हा हात असा का गं? म्हणाली, मी निघाले होते, ते तुझ्या आजोबांना आवडलं नाही. आणि लगेच ओवी धरली." बाईंनी घास खाली ठेवला. "ती आजोबांना सोडून कुठेच गेली नाही, दादा. रोज गोष्टीतून जायची. तेवढी एकच वाट होती तिला. आता तीही बंद करणार?"

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या फोटोला काळं फासू नये."

"मीठ आजीनेच घातलं होतं ना त्यात?"

वहिनीला हसू आवरलं नाही. तिने ते पदरात घेतलं. दादा पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठला. "तू बाहेर काही बोललीस, तर मी तुझ्यासारखा नाही बोलणार. एवढं ध्यानात ठेव."

बाई अंथरुणावर पडल्या, तेव्हा आजीची दुसरी ओवी जवळ येऊन बसली.

"घर माझं म्हणू कसं, कडी त्याच्या गं हाती
आभाळ माझं म्हणू, त्याला दार ना गं भिंती."

सकाळी त्या उठल्या, तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं. भांडायचं नव्हतं. कामच करायचं होतं.

"सगळ्या जणी आरशासमोरच्या दांडीजवळ," त्यांनी हॉलमध्ये शिरता शिरता सांगितलं. "आजपासून मनगट सरळ."

थवा एकमेकींकडे बघू लागला.

"काय?" काडी म्हणाली. "बाई, ज्याच्यासाठी सगळी थंडीभर माझं डोकं खाल्लंत, तेच?"

"तेच. खांद्यापासून बोटांपर्यंत एक रेघ. पुस्तकात लिहिलंय तशी. करा."

"पण मग ती बगळीण नाही दिसणार."

"नाही दिसणार."

काडीने बाईंकडे नीट पाहिलं. पोरगी जिभेने चुरचुरीत होती, पण डोक्याने मंद नव्हती. "शेवट बदलला म्हणून?"

"ज्या हाताला उडू द्यायचं नाही, तो हात मागू नये. बस, एवढंच. कुणाला भीती वाटत असेल तर तिने जुना हात करावा. मी नावं ठेवणार नाही."

कुणी पुढे आलं नाही. सरळ हात करायला थव्याला अडचण फार आली. इतक्या वर्षांनी मनगटं आपोआप पडत. बाई रांगेतून फिरत एकेक मनगट दोन बोटांनी वर उचलत गेल्या. स्वतःच घातलेली वीण स्वतःच उसवत होत्या. मध्येच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा काकांनी उगाचच एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, पोरींचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी देणगीदार पुढच्या खुर्च्यांत बसले. त्यांत एक म्हातारी बाई होती, साबणवाल्यांच्या घरातली. संचालकाने दोन शब्द सांगितले. काकांनी सुरुवात केली आणि थवा उतरला.

सगळं होतं. पाणी होतं, धुकं होतं, पावलं पिसासारखी पडत होती. हात वर गेले, सरळ, स्वच्छ, रेघेसारखे. आणि रंगमंचावर सुंदर पोरींचा एक घोळका नाचत होता. एवढंच.

"हे... हे ते नाही," म्हातारी शेजारच्याला म्हणाली. ती हळूच म्हणाली होती, पण रिकाम्या नाटकगृहात हळू असं काही नसतं. "तो हात कुठाय?"

संचालक उठला. "थांबवा, थांबवा. बाई, हे काय?"

बाई विंगेतून पुढे आल्या. अंगात रोजचाच स्वेटर, कोपरावर रफू केलेला.

"हात काढलाय," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. उडणं काढायला मला विचारलं नाही, हात काढायला मी तुम्हाला विचारलं नाही."

"अहो, या दोन गोष्टींचा संबंध काय?"

"तेच सांगते. परवा तुम्ही कारण मागितलं होतं." बाईंचा आवाज आजीसारखा चरचरीत झाला. "तो हात कुठल्या तळ्याकाठी सुचलेला नाही. तो माझ्या आजीचा आहे. ती घर सोडून निघाली होती, आणि आजोबांनी तिचं मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं. त्याच हाताने तिने आम्हाला ही गोष्ट सांगितली, आणि गोष्टीत दर वेळी ती सुटली. एकदाही राहिली नाही. तुम्ही मोडलेलं मनगट ठेवता, पत्रकावर छापता, आणि सुटणं तेवढं पेटीत घालता. असं नाही चालणार. दोन्ही ठेवा, नाहीतर दोन्ही सोडा. मला काढायचं तर खुशाल काढा. या पोरींची मनगटं आता सरळ झालीत, ती पाडायला तुम्हाला दुसरं कुणी आणावं लागेल. आणि ते कसं पाडायचं हे त्याला मी सांगणार नाही."

थव्यातली एक पोर नाक ओढत होती. काडी ताठ उभी होती, दोन्ही हात अंगाशी.

संचालकाचा चेहरा उतरला होता, पण पाहुण्यांसमोर त्याने तो सावरला. "बाई, तुमच्या भावना मला समजतात. मनापासून. पण हे... घरोघरी काही ना काही सांगतात. तुमचे बंधू तर इथेच काम करतात. मी त्यांना परवाच सहज विचारलं होतं, तुमच्या बहिणीचं या शेवटावरून का अडलंय. ते म्हणाले, ती आजीच्या मनगटाचं सांगेल, पण आजी जिन्यावरून पडली." तो ओशाळल्यासारखा हसला. "आता कुणाचं खरं धरायचं?"

बाईंनी वर पाहिलं नाही. वर बघितलं असतं, तर ते मागणं झालं असतं. गेल्या दोन दिवसांत दादा एक शब्द बोलला नव्हता. सकाळी डबा न घेताच निघाला होता.

माळ्यावरच्या लोखंडी शिडीवर पाऊल वाजलं. मग दुसरं. दादा उतरत होता, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत. खाली आल्यावर त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले. खुंटीवर बगळिणीचा पट्टा लटकत होता, तो काढला. कुणाकडेही न बघता रंगमंच ओलांडून तो काडीपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. पट्टा तिच्या कमरेभोवती घेतला, बंद ओढला.

"घट्ट होतंय?"

"नाही, दादा."

"श्वास घे बघू. हां."

"दादा," संचालक म्हणाला, "अहो, उडणं रद्द आहे. सांगितलंय ना तुम्हाला?"

दादाने कडी अडकवली, अंगठ्याने दाबून बघितली, पुन्हा एकदा बघितली.  तो तसाच बसून राहिला, एक हात पट्ट्यावर. या वेळी समोर ना ताट होतं, ना बुटाची नाडी. तो थेट बहिणीकडे बघत होता.

"तेव्हाच्या आमच्या घराला जिना नव्हता, साहेब," तो म्हणाला. "हिला आठवत नाही, ही रांगत होती. एक खोली आणि एक दार. मला सांगितलं होतं, विचारलं तर जिना म्हण. मी म्हणत राहिलो."



"पिशवी भरली होती तिने. चपला घातल्या होत्या. अर्धी बाहेर पडली होती ती. आजोबांनी दार लावलं, हात आत राहिला. मग ते दाराला पाठ लावून उभे राहिले. मी आतल्या बाजूला होतो. मला तिची बोटं दिसत होती."